जावयानं नेलेलं टायर

आमच्या गावात काशी-रामेश्वर करून आलेले लोक हायत. त्यांना कुणी काही विचारत नाही. मी गेलो नुसता पोखर्णीला, आपल्याच जिल्ह्यात, आणि परत आल्यापासून पारावर टेकलो की कुणी ना कुणी विचारतंच, "तात्या, मग ते इमान उतरलं कसं?" सांगून सांगून तोंड दुखलं. बरं, सांगितलेलं दुसऱ्या गावाला पोचेपर्यंत भलतंच होतं. सेलूच्या बाजारात एकानं मला माझीच गोष्ट सांगितली. त्यात मी विमानाला नाडा टाकून खाली ओढलं होतं. म्हणून लिहायला बसलो. मी दुसरी यत्ता शिकलो, निजामाच्या राज्यात. अक्षर बैलाच्या पावलासारखं पडतं, पण पडतं.

घरी, वालूरच्या अलीकडं

पोळा होऊन गेला होता. वालूरचा बाजार करून घरी आलो तर दारातली माझी गाडी डाव्या अंगाला कलंडलेली. डावं चाकच नाही. साट्याच्या लाकडी चौकटीखाली दोन दगडं लावलेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या टायरगाडीला जी रबरी टायरं असतात, ती विमानाची असतात. विमानावरून उतरवलेली, हैदराबादच्या भंगारात निघालेली. मोटारीच्या टायरापेक्षा जाड. ज्वारीची पोती भरून नाल्यातून गाडी काढा, टायर हूं की चूं करत नाही. गावातली पहिली टायरगाडी माझी. तवा लोक लाकडी चाकाला वंगण लावत बसायचे, आणि मी म्हणायचो, सरका, इमान यायलंय.

मारोती, माझा थोरला, गोठ्यात होता. चाक कुठं म्हणून विचारलं तर मान खाली घालून म्हणला, "दाजी आले होते."

दाजी म्हणजे माझा जावई विश्वनाथ. माझी गोदा पोखर्णीला दिलेली हाय. त्यांच्याकडच्या माळावर एका कंपनीचं फवारणीचं विमान येऊन राहिलं होतं. लहान विमान, एका माणसाचं. बोंडअळीनं कापूस धरला होता आणि ते वरून औषध मारत होतं. विश्वनाथ तिथं रोजंदारीवर झेंडेवाला. शेताच्या धुऱ्यावर झेंडा घेऊन उभं राहायचं, म्हणजे पायलटला कळतं कुठून मारायचं. तर त्या विमानाचं डावं टायर माळावरच्या गारगोटीनं फाटलं. नवं आणायला कंपनीचा मेकॅनिक हैदराबादला गेला तो आलाच नाही. अळी काय थांबती? लोक कंपनीच्या मॅनेजरच्या मागं लागले. आणि आमच्या जावयानं चारचौघांत सांगितलं, माझ्या सासऱ्याच्या गाडीला इमानाचंच टायर हाय, मापाला मापही असंल. मॅनेजरनं लगेच जीपगाडी दिली. विश्वनाथ ड्रायव्हर घेऊन आला आणि चाकच काढून घेऊन गेला.

"तू दिलंस?" मी म्हणलो.

"जावई माणूस दारात येऊन मागायलाय. न्हाई कसं म्हणू?"

यावर बोलायची सोय नाही. धोंड्याच्या महिन्यात आपण जावयाला ताटात घालून देतो, आणि त्यानं तोंडानं मागितलेलं टायर द्यायचं नाही का? तरी मी म्हणलो, "अरे, टायर इमानाचं हाय असं मी म्हणतो. इमानाला लावा असं कवा म्हणलो?"

"मग दोन्हीत फरक काय?"

मला तवा जबाब सुचला नाही. म्हणून राग जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. माझं टायर परत आणायचं, एवढंच डोक्यात. मूग झोडून पडले होते, गाडी दगडावर. बायकोनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली आणि बजावलं, जावयाला वाकडं बोलू नका. मी म्हणलो, जावयाला कशाला बोलू, टायराला बोलतो.

सेलूची गाडी

सेलूला पॅसेंजरमध्ये बसलो. ही आमची छोटी गाडी. तिला घाई ठाऊक नाही. डब्यात दोन मानवतचे कापूसवाले आणि एक म्हातारी होती, कोंबडी पिशवीत घालून बसलेली. कुठं निघालात म्हणून विचारलं. मी सांगून टाकलं, माझ्या गाडीचं टायर इमानाला लावलंय, ते आणायला.

सगळा डबा हसला. एक कापूसवाला म्हणला, "तात्या, टायर दिलं तर बैलबी देऊन टाका. एक पायलट व्हईल, एक कंडक्टर."

"बैल शिकलेले न्हाईत," मी म्हणलो. "शिकलेले इथं डब्यात बसलेत फुकट."

खरं सांगायचं तर मलाही आतून बरं वाटत होतं. माझं टायर आभाळात फिरत होतं. म्हातारीनं विचारलं, वर गेल्यावर चाक कशाला लागतं हो? मी म्हणलो, वर नाही, खाली लागतं. हे बोललो आणि माझं मलाच कुठंतरी टोचलं. पण मानवत आलं, गर्दी चढली, आणि ते राहिलं.

परभणी

परभणीला उतरलो की मी गफूरभाईकडं जातोच. स्टेशनापासून जवळच त्याचं टायरचं दुकान. पंक्चर, वल्कनायझिंग, जुन्या टायरांची विक्री. माझी दोन्ही टायरं त्याच्याकडूनच घेतलेली. पोलिस ॲक्शनच्या आधीपासूनची ओळख. त्याचा बाप आणि माझा बाप एकाच जमादाराच्या शिव्या खाल्लेले.

गफूरभाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मी ओसरीवर बसलो, चहा आला, आणि मी सगळी हकिकत रंगवून सांगितली. म्हणलं, त्याला वाटंल, आपल्या मालाची इज्जत वाढली. तो हसला नाही. ट्यूब पाण्यातच सोडली.

"कौन सा टायर? डावा का उजवा?"

"डावा. ज्याला तू आतून गेटर घातलंस तो."

गेटर म्हणजे टायर फाटलं की आतून लावतात ते जाड ठिगळ. त्यात नवल काही नाही. आमच्याकडं ट्रकला, जीपला, गाडीला, सगळ्यांना गेटर असतं. माझ्या डाव्या टायराला ते घेतानाच होतं. मी समजत होतो, धावपट्टीवर काही लागून फाटलं असंल.

गफूरभाईनं हात पुसले आणि जवळ येऊन बसला. त्याची दखनी मला जशी आठवती तशी लिहितो.

"तात्या, वो फटा नहीं था. उन्होंने काटा था. इमान वाले टायर फेकते ना, तो उसकू छिन्नी से काट देते. जानबूझ के. कायकू, के फिर कोई इमान कू न लगाए. मैंने कटे पे गेटर डाला, ऊपर से रबर चढाया. गाडी के वास्ते. बैल चलता, इमान दौडता. उतरते बखत खडा टायर एकदम फिरता. गरमी से मेरा रबर छोड देगा."

"सोडलं तर?"

त्यानं हात उताणा केला आणि पालथा केला. एवढंच.

मग तो म्हणाला, तिथं माझं नाव घेऊ नका. मी गाडीसाठी विकलं, तुम्हालाही तसंच सांगून विकलं. मी म्हणलो, नाव तुझंही घेत नाही आणि माझ्या बापाचंही घेत नाही, आधी पोखर्णीला जायचं कसं ते सांग. चहा अर्धा तसाच राहिला. घरून निघालो तवा माझं टायर आणायला निघालो होतो. दुकानाच्या पायऱ्या उतरलो तवा कुणा एका पायलटचा जीव माझ्या गाडीच्या ठिगळावर होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

पोखर्णीचा रस्ता

स्टँडवर गेलो तर एस.टी. बंद. नामांतराचं तवा धुमसत होतं. विद्यापीठाला नाव द्या म्हणणारे एकीकडं, देऊ नका म्हणणारे एकीकडं, आणि आदल्या दिवशी कुठंतरी गाडीवर दगड पडला होता. कंट्रोलर म्हणला, वरून हुकूम आल्याशिवाय गाडी सुटणार नाही. मी त्याला विमानाचं सांगायला लागलो तर त्यानं खिडकी लावून घेतली.

पायी निघालो. कडक ऊन पडलेलं आणि खाली रात्रीच्या पावसाचा चिखल. वहाणा हातात घेतल्या. थोडं पुढं गेल्यावर मागून एक सायकल आली आणि थांबली. पांढरा पायजमा-शर्ट, कॅरिअरला डबा. वाव्हळे गुरुजी. पोखर्णीच्या रस्त्यावर एका वस्तीच्या शाळेवर होते. म्हणाले, आजोबा, बसा मागं. नाव ऐकलं तवाच मला कळलं, बौद्धवाड्यातले. त्यांनाही माझ्या फेट्यावरून कळलंच असंल. ते दिवस असे होते की दोघांनाही ते कळणं भाग होतं.

बसलो. म्हातारपणी कॅरिअरवर बसणं सोपं नाही, पाय कुठं ठेवावेत तेच कळत नाही. जाता जाता मी त्यांना सगळं सांगितलं. ते जोरात पायडल मारायला लागले.

एका ओढ्याच्या फरशी-पुलावर आठ-दहा पोरं काठ्या घेऊन उभी. सायकल अडवली. एक जण गुरुजीच्या हँडलला धरून म्हणला, "कोणत्या वाड्यातला रे तू?"

गुरुजींनी सायकल धरून ठेवली. त्यांच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता.

मी खाली उतरलो. म्हणलो, "हा माणूस मला न्यायलाय. माझ्या कामाला निघालाय. तुला काय विचारायचं ते मला इचार. मी वालूरकडचा, जावई पोखर्णीचा. हात काढ."

"तात्या, तुमाला बसायला आपल्यातला कुणी भेटला न्हाई व्हय?"

"न्हाई भेटला. तुमी सगळे इथं काठ्या धरून उभे. येतोस का तू? चल. उचलून ने मला."

तो हसला, बाकीचेही हसले. हँडल सुटलं. हसू आलं म्हणून सुटलं, माझ्या धाकानं नव्हे. गुरुजी मला मागं घेऊन पुढं निघाले. मग एकदम म्हणाले, "आजोबा, परत येताना मी एकटा असतो."

त्यांच्या वस्तीवर घशाला कोरड पडली. त्यांच्या मंडळींनी तांब्या दिला. आमच्या गावात मी त्या वाड्याचं पाणी कधी प्यालो नव्हतो. प्यालो. गूळ दिला तोही खाल्ला. गुरुजी शाळेला उशीर झाला तरी तिथं थांबले नाहीत, तसेच पुढं पोखर्णीच्या माळापर्यंत घेऊन आले. मला उतरवलं आणि लगेच वळले.

माळावर

पोखर्णी नरसिंहाची. एरवी जावयाच्या गावाला गेलं की आधी देवळात, मग घरी. त्या दिवशी देवाला लांबूनच हात जोडले.

माळावर तंबू होता, औषधाची पिंपं, पाणी वाहणाऱ्या दोन बैलगाड्या, एक जीपगाडी आणि कापूसवाल्या शेतकऱ्यांची गर्दी. औषधाचा उग्र वास. विमान नव्हतं.

"कुठंय?" मी म्हणलो.

विश्वनाथ आधी वाकून पाया पडला. मग त्यानं हात वर करून दाखवलं. लांब, ओढ्याच्या पलीकडं, पिवळं इवलंसं विमान शेतावरून खाली-वर होत होतं. घुंगुरटं घोंगावावं तसा आवाज.

मॅनेजर सफारीवाला माणूस, वाईट नव्हता. मी सांगितलेलं त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, काका, सकाळपासून दोनदा उतरलंय विमान त्याच टायरवर, काही झालं नाही. ड्रायव्हर म्हणला, गेटर मीच बघितलं बसवताना, त्यात काय, माझ्या जीपच्या दोन टायरांत हाय. शेतकरीही म्हणायला लागले, पाव्हणं, आमचा कापूस जायलाय, तुमी टायराचं काय काढलंय.

मी म्हणलो, दोनदा तापलंय म्हणजे तिसऱ्यांदा सोडणार.

मग मॅनेजर जे बोलला ते खोटं नव्हतं. विमानात बोलायचं यंत्र नाही. खालून काही खुणा करून त्याला बावरवलं तर तो भलत्या जागी उतरेल, पडेल. "त्याची जबाबदारी कोण घेणार?"

"मी."

"तुम्ही कोण?"

"टायराचा मालक."

विश्वनाथकडं बघितलं. त्याच्याकडं दोन झेंडे असायचे. पांढरा कामाचा. लाल एवढ्यासाठी की माळावर गुरं आली तर दाखवायचा, म्हणजे उतरू नको. मॅनेजरनं त्याला सांगितलं, लाल झेंडा उचललास तर उद्यापासून येऊ नको. जावयाचा स्वतःचा कापूस त्याच माळाखाली, अजून फवारायचा राहिलेला. जावयाला हुकूम करता येत नाही.

त्यानं लाल झेंडा उचलला. "मामा, लाल बघून तो फक्त वर जाईल. टायराचं त्याला कळंल कसं?"

त्याच घडीला मला माझं दार आठवलं. बाजारातून आलो तवा लांबूनच कळलं होतं की डावं चाक गेलं. कुणी सांगावं लागलं नव्हतं.

पाण्याच्या दोन गाड्यांतली एक आम्ही सोडली. बैल बाजूला घेतले. विमान उतरून जिकडं पळतं तिकडंच तोंड करून गाडी उतरायच्या पट्टीच्या कडेला ढकलली, जुवाखाली पिंप दिलं, डाव्या चाकाची खीळ काढली आणि चाक ओढून लांब आडवं टाकलं. गाडी डाव्या अंगावर कलंडली. गाडीवाला शिव्या देत होता, पण हातही लावत होता. चाकाच्या रिकाम्या जागी मी उभा राहिलो.

विमान आलं. नाकासमोर, खाली, खाली. विश्वनाथ पट्टीच्या मधोमध लाल झेंडा घेऊन उभा. मला वाटलं हा हलत नाही आणि ते थांबत नाही. मग ते एकदम उठलं. वाऱ्यानं माझा फेटा गेला. मी डावी मांडी पुढं करून तिच्यावर थापा मारत होतो, कुस्तीत शड्डू ठोकतात तशा.

वळसा घालून परत आलं. या वेळी वाकडं होऊन गेलं, एक पंख खाली घालून. काचेतून तोंड दिसलं. चष्मा. मी आडव्या पडलेल्या चाकाकडं हात केला, परत मांडीवर थाप. ते गेलं, ओढ्यापर्यंत गेलं, आणि वर चढलं. तिकडंच फिरत राहिलं. ड्रायव्हर म्हणला, "तेल संपंल त्याचं." मॅनेजरनं सिगरेट तोंडात धरली होती, पेटवली नव्हती. मला वाटलं, मीच मारलं याला. न सांगता सोडलं असतं तर कदाचित तिसऱ्यांदाही उतरलं असतं.

मग ते आलं. उजवा पंख खाली. उजव्या चाकावर टेकलं, एकाच. डावं चाक वर धरलेलं, लंगडा बैल खूर उचलून धरतो तसं. तसंच पळत आलं, आमच्या गाडीसमोरून गेलं. वेग उतरला तसं डावं चाक खाली आलं, आलं, टेकलं, आणि तिथून रबराची काळी वादी सुटली. आसूड ओढल्यासारखा आवाज. विमान डावीकडं ओढलं गेलं, गर्रकन फिरलं, आणि पट्टी सोडून मऊ नांगरटीत जाऊन बसलं. पंखा ढेकळं उडवून बंद पडला.

आम्ही पळालो. मला पळता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

पायलट आपला आपण उतरला. तरणा माणूस, तिकडचा, पंजाबकडचा. हेल्मेट काढून हातात धरलं. चाकाकडं बघितलं. रबराची साल निघून पंखाच्या खालच्या पत्र्यात घुसली होती. मग विचारलं, गाडी किसने गिराई? सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

तो म्हणाला, "बाबा, पहले मैं समझा आप कुश्ती के लिए बुला रहे हो."

जावयाच्या घरी

त्याला आम्ही घरी आणलं. गोदानं अंबाडीची भाजी, भाकरी, दही वाढलं. आमच्या वालूरकडं अंबाडीत कण्या घालतात, इकडं हरभऱ्याची डाळ. मला आमचीच आवडती, पण मी लेकीच्या घरी बोललो नाही. पायलटनं भाकरी मोडली आणि हात तसाच ताटात ठेवला. गोदानं बघितलं आणि पाण्याचा तांब्या भरायचा राहिला म्हणून आत निघून गेली.

मग तो हळूच बोलला. टायर बैलगाडीचं हाय हे त्याला सकाळीच ठाऊक होतं. कंपनीनं मान्य केलेलं टायर नाही, उतरायला नको होतं, हेही ठाऊक होतं. कापलेलं होतं हे तेवढं ठाऊक नव्हतं.

"मग गेलास कायकू?" मी विचारलं.

"सुबह से सौ लोग हाथ जोड के खडे थे, बाबा."

मला राग आला त्याचा. पण दुसऱ्या दिवशी कळलं तो काय म्हणत होता. सकाळीच ते लोक आले. ओसरीपुढं बसले. कुणी ओरडलं नाही. एकानं अळी पडलेलं बोंड आणून पायलटच्या पुढं ठेवलं. फोडलं तर आत काळं. मॅनेजरनं निरोप धाडला होता की मानवतला एकाच्या गाडीचं दुसरं टायर हाय, ते चांगलं हाय, त्याला गेटर नाही. लोक म्हणले, कॅप्टनसाहेब, एवढी एक फेरी.

पायलट उठला. मी त्याचा हात धरून खाली बसवला. म्हणलो, "बस. हे माझ्याशी बोलतील."

बोलले. माझा जावईच बोलला आधी. "मामा, माझाबी कापूस हाय त्यात."

"हाय. दिसायलाय मला."

"मग?"

"मग जाऊ दे. कापूस पुढल्या साली परत येतो."

वाईट बोललो असं नाही, पण सोपंही बोललो नाही. गोदा दारात उभी होती. तिचं वर्षभराचं त्या बोंडात होतं आणि बापानं तिच्याच ओसरीवर बसून जाऊ दे म्हणलं. ती आत गेली. चुलीवर चहाचं मोठं पातेलं चढवलं, सगळ्यांना कपबशा दिल्या. मीही उठलो नाही, पायलटही उठला नाही. लोक दुपारपर्यंत बसले आणि मग एकेक करून गेले. जाताना एक म्हातारा, माझ्याच वयाचा, म्हणला, तुमचं गाव लांब हाय पाव्हणं, तुमाला परवडतं. ते अजून माझ्या कानात हाय.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, हैदराबादहून, खरं टायर घेऊन. खाकी कागदात गुंडाळलेलं. पत्रा ठोकून झाला. पायलटनं ते टायर आधी माझ्यापुढं धरलं. मी आत हात घालून सगळीकडून फिरवला. गुळगुळीत. कुठंही ठिगळ नाही. मी मान हलवली. मला त्यातलं काय कळतं? पण त्यानं विचारलं, म्हणून हलवली.

विश्वनाथ पांढरा झेंडा घेऊन आपल्याच शेताच्या धुऱ्यावर गेला. मॅनेजरनं त्याला काढलं नाही, माणूसच मिळाला नसता. विमान पळालं, उठलं. सगळा गाव मान वर करून बघत होता. बायका डोळ्यांवर हात धरून. पोखर्णीच्या कापसावर धुरासारखं औषध पडत होतं. निम्मा कापूस वाचला, निम्मा गेला, हे पुढं वेचणीला कळलं.

मी वर बघितलं नाही. मी पट्टीच्या कडेला उकिडवा बसलो होतो, जिथं चाक टेकतं तिथं. मुरमावर आधीच्या चाकाचा ओरखडा होता. वर आवाज फिरत राहिला, लांब गेला, जवळ आला, आणि मग खाली यायला लागला. माझ्यासमोर दोन्ही चाकं बरोबर टेकली, धूळ उडाली, पळत गेली, हळू झाली, थांबली.

मग मी उठलो आणि धोतर झटकलं.